चेहऱ्याखालचं नाव

पालख्या देहू-आळंदीहून निघाल्या की पुढचे अडीच-तीन आठवडे वर्तमानपत्रांत अनोळखी चेहऱ्यांची दाटी होते. कपाळभर बुक्का लावलेले आजोबा, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, पावसात चिंब झालेला टाळकरी. यातले कित्येक फोटो खरोखर सुरेख असतात. फोटोच्या कडेला छायाचित्रकाराचं नाव असतं आणि खाली ‘विठ्ठलभक्तीत तल्लीन वारकरी’ अशा धर्तीची ओळ. तो वारकरी कुठल्या गावचा, कोणत्या दिंडीतला, वर्षातले बाकीचे महिने काय करतो, हे त्या ओळीतून कळत नाही. पुष्कळदा फोटो काढणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. फोन खिशात आल्यापासून ही सवय वृत्तपत्रांपुरती राहिलेली नाही. लोकलमध्ये डुलकी घेणारा माणूस, सिग्नलवर गजरे विकणारी बाई, मंडईत मिरच्या निवडत बसलेल्या आजी यांचे चेहरे कुणीही टिपतो आणि त्याच मिनिटाला जगापुढे ठेवतो. छंद म्हणून हे काम मनापासून करणारे खूप आहेत, आणि त्यांच्या कुतूहलाबद्दल मला आदर आहे. पण अनोळखी माणसाचा चेहरा हाच ज्या फोटोचा विषय आहे, तो फोटो त्याला विचारून काढावा आणि त्याचं नाव फोटोबरोबर ठेवावं, असं माझं म्हणणं आहे. सभ्यता म्हणून तर हे करावंच. शिवाय असा फोटो जास्त खरं सांगतो, आणि ते दाखवायला छायाचित्रणाच्या इतिहासात भरपूर पुरावा आहे.

तो पुरावा मुंबईपासूनच सुरू होतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 मध्ये, म्हणजे कॅमेरा जगात आल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत. या सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक विल्यम जॉन्सन. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचं दोन खंडांचं पुस्तक काढलं, 1863 आणि 1866 मध्ये. त्याची करामत अशी की, माणसांचे फोटो एका ठिकाणी काढून, त्या आकृती कापून, वेगळ्याच स्थळाच्या फोटोवर चिकटवल्या जात. पाहणाऱ्याला वाटावं की ही माणसं आपापल्या परिसरात सहज उभी आहेत. खालचा मजकूर एकेका समाजाच्या चालीरीतींबद्दल. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल जवळपास काही नाही. यानंतर 1868 ते 1875 या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रं आहेत. 1857 च्या उठावातून सावरलेल्या राज्यकर्त्यांना आपली प्रजा ‘ओळखून’ घ्यायची होती, आणि ती ओळख जमातींच्या याद्यांतून होईल अशी त्यांची समजूत होती. या ग्रंथाचा एक परिणाम नोंदलेला आहे. सर सय्यद अहमद खान 1869 मध्ये आपल्या मुलांसह लंडनला गेले होते. तिथल्या इंडिया ऑफिसात त्यांचा मुलगा महमूद हे पुस्तक चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारलं की तू हिंदुस्थानी आहेस का. तो शरमला, हो म्हणाला, आणि लगेच आपले पूर्वज दुसऱ्या मुलखातून आल्याचा खुलासा करू लागला. सर सय्यद यांनी ही हकिकत व्यथित होऊन लिहून ठेवली आहे. त्या पानांवर चेहरे शेकडो होते, तरी माणूस म्हणून कुणी दिसत नव्हतं. एका हिंदुस्थानी तरुणालाही त्यांच्यात आपलं कुणी सापडलं नाही.

कुणी म्हणेल, हा वसाहतवादी सत्तेचा दोष झाला. सहृदय कलावंताच्या हातून असं होत नाही. म्हणून आउगुस्ट झांडर या जर्मन छायाचित्रकाराकडे पाहू. झांडरची दृष्टी मोठी होती आणि मन उदार होतं. शेतकरी, आचारी, गवंडी, वकील, बेकार, भटके अशा सगळ्या थरांतली माणसं टिपून आपल्या काळाचं एक विशाल चित्र उभं करायचं, यात त्याने आयुष्य घातलं. त्यातले 60 फोटो 1929 मध्ये पुस्तकरूपाने आले. नाझींना त्यांतली जर्मन माणसं पसंत पडली नाहीत, आणि 1936 मध्ये त्यांनी पुस्तकाच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. झांडर काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वापरायचा, त्यामुळे चोरून फोटो काढण्याचा प्रश्नच नव्हता. समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघत, स्वतःच्या मर्जीने, आपण कसं दिसावं हे ठरवून उभा राही. त्या फोटोंचा दरारा आजही ओसरलेला नाही, तो त्यामुळेच. पण झांडरने बहुतेकांच्या फोटोंना नावाऐवजी व्यवसायाचे मथळे दिले. त्याचा सर्वांत गाजलेला फोटो 1914 मधला. काळे सूट, हॅट आणि हातात काठ्या घेतलेले तीन तरुण नाचाच्या कार्यक्रमाला निघाले असताना चिखलाच्या वाटेवर वळून बघताहेत. मथळा आहे ‘तरुण शेतकरी’. कितीतरी समीक्षकांनी या मथळ्याच्या आधारावर लिहिलं. शेतकऱ्याच्या अंगावर शहरी सूट कसा परका दिसतो याचं बारकाईने विवेचन झालं. पुढे संशोधकांनी त्या तिघांची नावं शोधून काढली तेव्हा कळलं की ते शेतकरी नव्हतेच. जवळच्या लोखंडाच्या खाणीत आणि तिच्या कार्यालयात ते काम करत होते. त्यांच्यातला एकजण पहिल्या महायुद्धात मारला गेला. हे समजल्यावर तो फोटो कितीतरी जड होतो. झांडरइतका निष्ठावान माणूससुद्धा वर्गाची चिठ्ठी लावताना चुकला, आणि ती चूक पकडता आली ती केवळ नावं सापडल्यामुळे.

आता एक मोठा आक्षेप. विचारलं की माणूस सावध होतो, पदर सारखा करतो, केसांवरून हात फिरवतो, ताठ उभा राहतो. जे टिपायचं होतं ते निसटतं. या आक्षेपामागे थोर परंपरा उभी आहे. पॉल स्ट्रँडने 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर अशी युक्ती केली होती की भिंग एका दिशेला रोखलेलं दिसावं आणि फोटो मात्र दुसऱ्याच माणसाचा निघावा. हेन्री कार्तिए-ब्रेसाँने आपल्या छोट्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे करून टाकले होते, म्हणजे तो कुणाच्या नजरेत येऊ नये. वॉकर एव्हान्सने 1938 ते 1941 या काळात कोटाच्या बटणांमधून भिंग डोकावेल असा कॅमेरा दडवून, दोरीसारखी कळ बाहीतून हातात घेऊन, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. ते अप्रतिम आहेत, हे मी नाकारणार नाही. थकलेले, हरवलेले, स्वतःशीच बोलणारे चेहरे. पण ते फोटो पुस्तकरूपाने यायला 1966 उजाडलं. छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या त्या कामाला प्रवाशांच्या खासगीपणाचा अडसर आहे, याची जाण स्वतः एव्हान्सलाही होती. आणि मुख्य म्हणजे, बेसावध चेहरा हाच खरा चेहरा, या गृहीतकाला आधार काय? गाडीत शिणून बसलेला माणूस संध्याकाळी घरी मुलांशी खेळतो तेव्हाही तोच असतो. हजार क्षणांतला कोणता उचलायचा ते कॅमेरेवाल्याने ठरवलं, आणि बहुधा त्याच्या मनात आधीपासून असलेल्या चित्राशी जुळणारा क्षण उचलला. न विचारता काढलेल्या फोटोत समोरच्याचा अभिनय नसतो हे खरं, पण काढणाऱ्याचा निवाडा शंभर टक्के असतो आणि त्याला उत्तर देणारं समोर कुणी नसतं. विचारल्यावर माणूस जे करतो तेही त्याचंच असतं. अर्व्हिंग पेनने 1950 आणि 1951 मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क इथल्या कष्टकऱ्यांना, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन, कामाच्या कपड्यांत आणि अवजारांसह स्टुडिओत बोलावलं होतं. खाटीक, मासेविक्रेते, धुराडी साफ करणारे असे लोक आले. न्यूयॉर्कच्या काहींनी कामाचे कपडे बाजूला ठेवले आणि ते सणासुदीच्या पोशाखात हजर झाले, असं पेनने सांगून ठेवलं आहे. पेनचा बेत बिघडला असेल, पण त्या माणसांनी आपल्याबद्दल एक मोलाची गोष्ट सांगितली. आपल्याकडे फोटो म्हटल्यावर बंडीचं वरचं बटण लावणारा हमालही तेच सांगत असतो. तो क्षण वाया गेला असं समजून जो फोटोग्राफर खट्टू होतो, त्याला समोर चाललेली गोष्ट दिसलेलीच नाही.

विचारण्याचा परिणाम फोटोच्या तंत्रावरही होतो, आणि नवख्यांना हे कुणी नीट समजावत नाही. रस्त्याच्या पलीकडून दोनशे मिलिमीटरच्या भिंगाने काढलेला चेहरा चपटा, परिसरापासून तुटलेला असतो. मागचं सगळं धूसर. पस्तीस किंवा पन्नास मिलिमीटरचं भिंग लावलं तर बोलण्याच्या अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर, उभं राहावंच लागतं, आणि तिथे न बोलता उभं राहता येत नाही. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. तो चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, माणूस ओळखू येईनासा होतो. म्हणून दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर फोटो काढावा. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. टपरीच्या छपराखाली, दाराच्या तोंडाशी, झाडाच्या सावलीच्या कडेला चला असं म्हणता आलं तर डोळ्यांत आकाशाचा उजेड उतरतो. हे म्हणायला आधी ओळख लागते. भाजीवाली जमिनीवर बसलेली असेल तर फोटो काढणाऱ्यानेही खाली बसावं. उभ्याने काढलेल्या फोटोत ती मान वर करून बघते, आणि ते वर बघणं पुढे कायमचं तिच्या माथी बसतं. ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का?’ असं विचारलं की पहिलं उत्तर बहुधा ‘माझा कशाला?’ असं येतं. त्याला खरं उत्तर देता यायला हवं. तुमच्या हातातली जुनी तागडी आवडली, तुम्ही ज्या तऱ्हेने पानं रचलीत ते आवडलं, असं काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं. ते सांगता येत नसेल तर फोटो काढायला अजून कारण मिळालेलं नाही असं समजावं. पहिला फोटो बहुतेक ताठर येतो. तो पडद्यावर दाखवावा; त्यावर समोरचा हसतो, नाक मुरडतो, ‘हा नको, परत काढा’ म्हणतो. दुसरा-तिसरा फोटो मग दोघांनी मिळून केलेला असतो. ब्रँडन स्टँटनने 2010 मध्ये ‘ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क’ सुरू केलं तेव्हा दहा हजार न्यूयॉर्ककरांचे चेहरे नकाशावर मांडायचे, एवढाच त्याचा बेत होता. पुढे तो माणसांशी बोलायला आणि त्यांचे शब्द फोटोखाली द्यायला लागला, आणि जगभर त्या कामाचं अनुकरण झालं ते या शब्दांमुळे.

नाव न विचारण्याची किंमत कोण मोजतं, हे पाहायला दोन प्रसिद्ध फोटो पुरेसे आहेत. मार्च 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँगने एका आईचे फोटो काढले. खांद्यांवर तोंड लपवलेली दोन मुलं, मांडीवर तान्हं बाळ, गालाशी टेकलेला हात. अमेरिकेतल्या महामंदीचा तो चेहरा झाला. लँग सरकारी कामावर होती, त्यामुळे फोटो सार्वजनिक मालकीचा राहिला आणि कुठेही छापला जाऊ शकला. आपण त्या बाईचं नाव विचारलं नाही, हे लँगने स्वतःच पुढे लिहिलं. फोटो वर्तमानपत्रांत आल्यावर सरकारने त्या तळावर धान्य पाठवलं, पण हे कुटुंब तोवर पुढे निघून गेलं होतं. 1978 मध्ये, बेचाळीस वर्षांनी, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं. त्या चेरोकी या अमेरिकेतल्या आदिवासी वंशाच्या होत्या हेही तेव्हाच समजलं. त्याआधी त्या फोटोत सगळ्यांना गोरी शेतमजूर स्त्री दिसत होती. या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. टायर विकून अन्न घेतल्याची जी हकिकत फोटोबरोबर फिरत होती, ती आपली नव्हेच, असं कुटुंबाने सांगितलं. दुसरा फोटो स्टीव्ह मॅक्करीचा. 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा हा फोटो जून 1985 च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला. शरबत गुला हे तिचं नाव जगाला कळायला 2002 उजाडावं लागलं. ज्या चेहऱ्यामुळे मासिकाची कीर्ती वाढली, त्याच प्रसिद्ध चेहऱ्याच्या बाईला 2016 मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या आरोपाखाली अटक झाली, मग देशाबाहेर पाठवलं गेलं. 2021 मध्ये तिला इटलीने आश्रय दिला. नाव आधीच छापलं असतं तर तिचे हाल टळले असते, असा माझा दावा नाही. तिला सतरा वर्षं या सगळ्याची कल्पनाच नव्हती, आपल्या चेहऱ्याबद्दल एक शब्द बोलायची संधी नव्हती, हे मात्र नाव न विचारल्याने घडलं.

इथे समाजशास्त्राचे अभ्यासक दुसऱ्या बाजूने अडवतात, आणि त्यांचं म्हणणं मला ‘विचारलं की माणूस सावध होतो’ या आक्षेपापेक्षा जास्त वजनदार वाटतं. महागडा कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या शहरी माणसाने विचारल्यावर कचरा वेचणारी बाई ‘नाही’ कशी म्हणेल? तिचा होकार म्हणजे भीती, संकोच किंवा दोन पैसे मिळण्याची आशा असू शकते. अशा होकाराला संमती म्हणायचं का? खरं आहे, एका वाक्याच्या प्रश्नाने विषमता पुसली जात नाही. पण त्यातून न विचारण्याचं समर्थन निघत नाही, उलट एकदाच विचारून भागत नाही एवढं निघतं. महाराष्ट्रात याची चांगली उदाहरणं आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, गटारांपासून त्यांच्या घरांपर्यंत. ते फोटो बघताना घाणीबरोबर माणसाचा संताप, थट्टा, संसार, व्यसन, मुलांच्या वह्या हे सगळं समोर येतं, कारण तिथे पोचायला वेळ दिलेला आहे. ओलवे यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर राहून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक केलं. बोर्डावरच्या झगमगाटाबरोबरच कनातीमागे बसलेली, मुलाला जेवू घालणारी, वैतागलेली, हसणारी कलावंत त्यात भेटते. पहिल्या दिवशी दिलेला होकार आणि दहाव्या दिवशी दिलेला होकार यांत जो फरक असतो तो अशा कामात दिसतो. रस्त्यातल्या पाच मिनिटांच्या भेटीत इतका अवधी मिळणार नाही, पण नकाराला खरी जागा देता येते. कॅमेरा पिशवीत असतानाच विचारावं. तो डोळ्याला लावून विचारलेला प्रश्न हा प्रश्न उरत नाही. ‘नको’ आल्यावर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. पैसे देऊन होकार विकत घ्यावा की नाही यावर मतभेद आहेत. माझ्या मते, ज्याचं काम थांबवलं त्याच्या वेळेचे पैसे देण्यात, पेनने दिले तसे, काही गैर नाही. पैशांचं आमिष दाखवून नकार फिरवणं गैर आहे.

कायदा काय म्हणतो, हा प्रश्न लगेच येतो. कायद्याचं उत्तर देशागणिक बदलतं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात, मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो न विचारता काढून 1988 मध्ये एका साहित्यिक मासिकात छापला गेला. फोटोत अपमानास्पद काही नव्हतं, तरी तिने दावा लावला, आणि 1998 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलट झालं. फिलिप-लोर्का डिकोर्सिया याने टाइम्स स्क्वेअरमध्ये मचाणावर फ्लॅशचे दिवे बांधून, दूर उभं राहून, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले आणि त्यातले सतरा प्रदर्शनात मांडले. त्यात स्वतःचा चेहरा सापडलेल्या एका सनातनी ज्यू गृहस्थाने धार्मिक कारणासाठी दावा केला. 2006 मध्ये न्यायालयाने हे कलास्वातंत्र्य मानून तो फेटाळला. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, पण रस्त्यावरच्या साध्या फोटोला सरसकट बंदी करणारा कायदा नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात मात्र एक बोलका भेद आहे. आपण पैसे देऊन स्टुडिओत फोटो काढून घेतला तर, वेगळा करार नसेल तेव्हा, हक्क आपला. रस्त्यात कुणी आपला फोटो काढला तर हक्क काढणाऱ्याचा. चेहरा ज्याचा त्याच्या हाती काहीच नाही. पैसा मोजणारा गिऱ्हाईक असेल तरच त्याच्या चेहऱ्यावर त्याचा थोडाफार अधिकार, ही स्थिती पाहिल्यावर कायद्यात बसतं म्हणून काढला, हे समर्थन मला फार अपुरं वाटतं. मोर्चा, दंगल, पोलिसांचा लाठीमार, सभेतली गर्दी यांना हे लागू नाही हेही स्पष्ट करायला हवं. तिथे घटना टिपायची असते आणि परवानग्या घेत बसलं तर सत्ताधाऱ्यांचंच फावेल. माझं सगळं म्हणणं चेहरा हाच विषय असलेल्या फोटोबद्दल आहे.

नाव छापण्याचेही धोके आहेत, आणि ते आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत. नाव आणि चेहरा एकत्र मिळाला की इंटरनेटवर माणूस शोधणं सोपं होतं. आडनावावरून जात ओळखून शेरेबाजी होते. घर सोडून आलेल्या बाईचा ठावठिकाणा तिला नको असलेल्या माणसापर्यंत पोचू शकतो. म्हणून नाव नोंदवणं आणि नाव छापणं या दोन वेगळ्या गोष्टी धराव्यात. नोंदवावं नेहमी, छापावं त्या माणसाने हो म्हटलं तर, आणि त्याने सांगितलं तेवढंच. कुणी फक्त पहिलं नाव देईल, कुणी गाव सांगेल आणि नाव नको म्हणेल. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय काहीच करू नये. ग्रामीण भारताचं दस्तावेजीकरण करण्यासाठी पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये ‘पारी’ हे संकेतस्थळ सुरू केलं. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून किमान एक बाई, एक पुरुष आणि एक मूल किंवा किशोरवयीन व्यक्ती यांचे चेहरे जमवायचे, असा तिथला एक उपक्रम आहे. चेहऱ्याबरोबर नाव, गाव आणि काम दिलेलं असतं. ‘द पीपल ऑफ इंडिया’नंतर दीडशे वर्षांनी त्याच देशातले चेहरे पुन्हा गोळा होताहेत, आणि या वेळी प्रत्येक चेहरा कुणाचा तरी आहे. अशा संग्रहांतही, आणि तुमच्या-आमच्या फोनमधल्या फोटोंबाबतही, एक वाट उघडी असली पाहिजे. फोटो काढल्यावर आपला नंबर द्यावा, फोटोची प्रत पाठवावी, आणि तो कुठे लावला ते कळवावं. दोन वर्षांनी त्या माणसाचा फोन आला की आता तो फोटो तिथे नको, तर कारण न विचारता तो उतरवावा.